पितळी बिल्ला

कोकणात बोर्ली पंचतनला घरी पोचून हुझैफा जेवायला बसला, तोच रुबिनाने धुवायला घेतलेल्या त्याच्या पँटच्या खिशातला पितळी बिल्ला समोर ठेवला. हातातला घास त्याने ताटात टाकला.

तो विदर्भातल्या ज्या कोळसा खाणीत कामाला होता, तिथे उतरताना बिल्ला घ्यायचा, वर आल्यावर फळीला अडकवायचा. फळीवर बिल्ला नाही म्हणजे माणूस अजून खालीच. सुट्टीच्या घाईत तो विसरला होता; फोनही वाटेत बंद पडलेला. आणि आज त्या खाणीचं तोंड भिंत घालून कायमचं बुजवायचं होतं.

रुबिनाच्या फोनवरून त्याने खाणीवर फोन लावला.

"हुझैफा?" बिल्ल्यांची फळी सांभाळणारा माणूस ओरडला. "अरे, तुला शोधायला मुकादम कृष्णाजी खाली गेलेत! छत ढासळतंय तिथलं!"

"या अल्लाह! वर बोलवा त्यांना!"

फळीवरच्या माणसाने खाली खाणीतल्या फोनची घंटा वाजवली. ती वाजतच राहिली. हुझैफाने बिल्ला मुठीत आवळून धरला. अखेर खाली कुणीतरी फोन उचलला, आणि फळीवरच्या माणसाने दोन्ही फोन एकमेकांना भिडवले.

"काका, मी घरी हाय! आधी वर या!"

कृष्णाजी धापा टाकतच कडाडले, "हाका मारून घसा बसला माझा, गाढवा! आता बिल्ला घेऊन ये. तो फळीवर लागेपर्यंत मी भिंत घालू देणार न्हाय."