ताईकडे जाण्यापुरतं जपानी

मी ड्रायव्हिंग शिकवते. अकरा वर्षांत माझ्याकडे भिंतीला गाडी घासणारे आले, उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळणारे आले, भर चौकात स्टिअरिंग सोडून घाम पुसणारेही आले. एकावरही मी कधी आवाज चढवला नाही. पण आईला वीस जपानी वाक्यं शिकवताना आठ दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ठीक काहीच नव्हतं. ताई जपानमध्ये, सातवा महिना, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून फारसं उठायचं नाही असं बजावलेलं. भावोजी जहाजावर, अडीच महिने तरी परत येणार नव्हते. मला रजा मिळेना. तेव्हा आईनेच जायचं ठरलं, एकटीने. तिकीट तीन आठवड्यांनंतरचं होतं. आई आजवर एकटी बसने बाजाराच्या पुढे गेलेली नाही. ती तिकडे कुठे चुकली तर तिला शोधायला कोण जाणार, या विचाराने माझी झोप उडाली होती आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढत होते.

मी प्रवाशांसाठी असते तसली एक छोटी पुस्तिका आणली, त्यातली वीस वाक्यं निवडली आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिली. आई घरीच कपडे दुरुस्त करते. झिपा बदलायच्या, पँट आखूड करायच्या, सैल झालेलं आवळायचं. त्यामुळे अभ्यास शिलाई मशीनपाशी, आणि तोही तोंडात टाचण्या धरून.

"आधी त्या टाचण्या काढ," मी म्हणायची.

"अगं, ऐकू येतंय मला. कान मोकळेच आहेत."

चौथ्या दिवशी वीसच्या वीस वाक्यं तिने घडाघडा म्हटली. मला वाटलं, जिंकलो. मग मी म्हटलं, "आता नुसतं पाणी माग."

आईने डोळे मिटले. "कोन्निचिवा. सुमिमासेन. तोइरे वा दोको देस का..."

"आई, पाणी!"

"येतेय ना तिथपर्यंत. मिझु ओ कुदासाई."

"म्हणजे पाणी मागायच्या आधी तू त्या माणसाला संडास कुठे ते विचारणार?"

"मला पाढ्यासारखं पाठ झालंय. मधूनच नाही निघत."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग चिठ्ठ्या करून उचलायला लावल्या, उलट्या क्रमाने म्हणवून घेतलं, मध्येच अडवून विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फोनमध्ये बोललं की तो भाषांतर करून देतो, तेही दाखवलं. "आणि फोन बंद पडला तर?" ती म्हणाली.

रविवारी दुपारी मी रंगीत तालीम ठेवली. मी स्टेशनवरची कर्मचारी, आई प्रवासी. तिने हातात पर्स घेतली, माझ्यासमोर आली, 'कोन्निचिवा' म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

"यात ताईचं काहीच नाहीये," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"हे बघ. संडास कुठे, पाणी द्या, हे केवढ्याला, माझी बॅग हरवली, फोटो काढू का. मी काय फिरायला चाललेय? तिला एकदम दुखायला लागलं तर कुणाला आणि काय सांगू, ते शिकव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ दिवस घसा कोरडा केला आणि बाईसाहेबांना आता अभ्यासक्रम बदलून हवा होता. "आधी तिथे पोचशील का ते बघ!" मी ओरडले. आई पर्स धरून तशीच उभी राहिली.

मी तणतणत पुस्तिका चाळली. खरेदीला सहा पानं होती. आजारपणाला अर्धं, त्यात 'माझं पोट बिघडलं आहे' आणि 'औषधांचं दुकान कुठे आहे'. मी पुस्तिका मशीनवर आपटली.

"ताईलाच विचार की," आई म्हणाली.

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. ताई नेहमीसारखी खुशीत. मजेत आहे, जेवले, पडूनच असते. मी म्हटलं, "हिला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचं वाक्य हवंय. नवीन खूळ."

ताई क्षणभरही थांबली नाही. "क्यूक्यूशा, ओनेगाइ शिमास. हितोरि देस."

"हळू सांग गं," आईने पेन घेतलं.

"क्यूक्यूशा. ओनेगाइ शिमास."

आईने लिहिलं. मग मान वर केली. "मघाशी शेवटी आणखी काहीतरी म्हणालीस. हितोरि."

"ते सोड. ते तुला नाही लागायचं."

"अर्थ काय त्याचा?"

ताई हळूच म्हणाली, "एकटी आहे, असा."

आईने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी बोलवलीस?"

"मागच्या मंगळवारी. आता ठीक आहे गं सगळं, बाळही ठीक आहे. तुम्ही तिकडे बसून नुसत्या घाबरला असतात."

मंगळवारी संध्याकाळी ताई आम्हाला म्हणाली होती की दिवसभर छान झोप लागली. आणि त्याच मंगळवारी मी संडासाच्या वाक्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. मला ताईचा राग आला, जहाजावरच्या भावोजींचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

आई रडली नाही. ताईला एवढंच म्हणाली, "पडून राहा." फोन ठेवला, वहीतलं ते एक वाक्य दोनदा पुटपुटली आणि माझ्याकडे वळली.

"या आठवड्यातलं तिकीट मिळतंय का बघ."

"आई, अगं, पण तुझी बाकीची वाक्यं अजून—"

"हे एक येतंय मला," आई म्हणाली. "तू तिकीट बघ."