विठ्ठलवाडीचा प्रिन्स अल्बर्ट

देवराम भालेरावांना नगरसेवक व्हायचं होतं. आजकालचं नाही, चांगलं वीस वर्षांपासून. पोस्टात होते तोवर निवडणूक लढवता येत नव्हती, आणि रिटायर होऊन मोकळे झाले तर वॉर्डच महिलांसाठी राखीव झाला. आता एवढं झाल्यावर माणसाने करायचं काय? सगळे करतात तेच देवरामांनी केलं. बायकोला उभं केलं.

शालनताई बावीस वर्षं अंगणवाडी चालवून नुकत्याच घरी बसलेल्या. त्या म्हणाल्या, मला नको हे लफडं. देवराम म्हणाले, "अगं, तू फक्त सही करायची. बाकी मी आहे ना." आणि शालनताई अकराशे मतांनी निवडून आल्या.

विजयाचा फ्लेक्स लागला, त्यात देवरामांचा फोटो शालनताईंच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा. हार आले तेही देवरामांच्याच गळ्यात. बाहेरच्या खोलीत टेबल पडलं, टेबलामागे देवराम बसले. लोक यायचे, "साहेब, जयभीम" म्हणायचे, साहेब फोन फिरवायचे आणि नगरसेविका आतून चहा आणायच्या. खोटं कशाला बोला, दोन महिने माणूस फार मजेत होता.

मग महापालिकेची पहिली कामाची महासभा लागली, सोमवारची. शुक्रवारी मेथी निवडता निवडता शालनताई म्हणाल्या, "अहो, सोमवारी तुम्ही येऊ नका."

देवरामांना वाटलं, मस्करी करते आहे. "मी नको येऊ? मग बोलणार कोण?"

"मी बोलेन. त्या दिवशी इंजिनियर साहेबांनी मला प्रश्न विचारला आणि उत्तर तुम्ही दिलंत."

"मग बिघडलं काय?"

"चुकीचं दिलंत."

झालं. देवराम तोंड फुगवून गॅलरीत जाऊन बसले. विहारामागच्या नाल्यावर पायी जाण्यापुरता पूल व्हावा, म्हणून त्यांनी चार पानांचं भाषण लिहून ठेवलेलं. वीस वर्षांत आठ वेळा नव्याने उतरवून काढलेलं. बोलायला नाही तर नाही, निदान त्या सभागृहात बायकोच्या शेजारी उभं राहून कानात सांगता आलं असतं. तेवढंही मिळणार नसेल तर एवढ्या उन्हातान्हात प्रचार कशाला केला? त्यांना खरंच रडू यायचं बाकी होतं.

पण शनिवारी सकाळी संधी आपल्या पायांनी चालून आली. विहारातल्या वाचनालयात दर रविवारी व्याख्यान असतं. ठाण्याचे वक्ते तापाने आडवे झाले, तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष चांगदेव सोनवणे धावत आले. "देवराम, उद्या तूच बोल. इतिहासातलं काहीही चालेल. वहिनी प्रमुख पाहुण्या."

वहिनी समोर, खुर्चीत, आणि तासभर उठता येणार नाही! देवरामांच्या डोक्यात चक्रं फिरली. मुलगी मेघना डोंबिवलीच्या शाळेत इतिहास शिकवते. तिला त्यांनी विचारलं, "बायको गादीवर आणि सगळा कारभार नवऱ्याच्या हातात, असा कोणी झाला का गं?"

मेघनाने बापाकडे जरा वेळ बघितलं. "झाला की, पप्पा. प्रिन्स अल्बर्ट. राणी व्हिक्टोरियाचा नवरा." आणि संध्याकाळपर्यंत तिने अर्धी वही लिहून हातात दिली.

देवरामांनी वही शेवटून वाचली. राणी अल्बर्टच्या सल्ल्याशिवाय काही ठरवेनाशी झाली, एवढी दोन पानं त्यांनी तोंडपाठ केली. पहिल्या पानांवर जन्म, आईबाप, खानदान असलं काहीबाही होतं. ते कोण विचारणार, असं म्हणून त्यांनी ती पानं सोडून दिली. चाळीस वर्षं आपल्या लोकांची लग्नं जमवण्यात काढलेल्या माणसाने अशी चूक करावी, म्हणजे कमाल आहे.

रविवारी हॉल भरला. पन्नासेक माणसं, त्यात बाया जास्त. मेणबत्ती लावून झाली, वंदना झाली, आणि देवरामांनी घसा खाकरून सुरुवात केली. "सिंहासन व्हिक्टोरियाचं होतं, पण डोकं अल्बर्टचं होतं. त्याला विचारल्याशिवाय राणी पाऊल टाकत नव्हती. आणि त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता." शेवटचं वाक्य शालनताईंकडे बघून. त्या चष्मा पुसत होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवडाबाई बोलल्या. वय अठ्ठ्याहत्तर, वॉर्डातल्या निम्म्या सोयरिकी त्यांच्या डोळ्यांखालून गेलेल्या. "देवराम, कारभार ऱ्हाऊ दे. मुलगा कुटला म्हनायचा?"

"जर्मनीचा. कोबुर्ग म्हणून गाव आहे."

"कितवा?"

देवरामांनी वहीची पहिली पानं उघडली. "दुसरा. धाकटा."

"म्हंजे गादी थोरल्याला. मंग लग्न झाल्यावर ऱ्हायला कुटं?"

"लंडनला. राणीच्या राजवाड्यात."

"घरजावई म्हन की मंग," आवडाबाई म्हणाल्या, आणि मागच्या बाया खुदखुदल्या.

"नात्यातली होती का?" रुपाली शिंपिणीने विचारलं. ब्लाउज शिवते, पण चौकशीत वकिलाला ऐकायची नाही.

देवरामांनी वाचलं. "हो. त्याच्या सख्ख्या आत्याची मुलगी."

हॉलमध्ये एकच गलका उसळला. मामाची मुलगी करतात, आत्याची कशी केली? असं कुठे असतं का? चांगदेव सोनवणे मध्यस्थीला उभे राहिले. मुलीकडून मोजलं तर तो तिच्या मामाचा मुलगा, म्हणजे तसं वावगं नाही, असं त्यांचं म्हणणं. बाया म्हणाल्या, नातं नेहमी मुलाकडून मोजतात. मग कोणीतरी सोनवण्यांच्या मेहुण्याचं लग्न काढलं, आणि अल्बर्ट बिचारा दहा मिनिटं बाजूलाच पडला. देवराम टेबलावर हात आपटून दमले.

"दोघांच्या जन्माला सुईण एकच होती," ते शेवटी ओरडले, आणि हे मात्र सगळ्यांना पटलं. सुईण एक म्हणजे घर माहितीतलं.

"मागनी कोनी घातली?"

"राणीने."

बायांनी टाळ्या वाजवल्या. शालनताईंनीही वाजवल्या. कुठून सुरुवात केली आणि कुठे चाललोय, त्यांचं त्यांनाच कळेना.

"आई कशी व्हती त्याची? सासू बगितली पायजे आदी."

देवरामांनी पान उलटलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. अल्बर्ट पाच वर्षांचा असताना आईबाप वेगळे झाले. आईला घराबाहेर काढलं. पोरांची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. तिसाव्या वर्षी ती परमुलखात वारली. देवरामांची आई ते सहा वर्षांचे असताना गेलेली. पुढची ओळ त्यांना दिसेना, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. आवडाबाईंनी पदर नाकाला लावला. "आईबिगर वाढलेलं पोर. बायकूपाशी बी त्येला भ्या वाटत आसंल, आपल्याला इथं जागा हाय का न्हाई."

देवरामांनी घाईघाईने पुढचं वाचायला घेतलं. राजवाड्याच्या खिडक्या आतून पुसणारं खातं वेगळं आणि बाहेरून पुसणारं वेगळं, त्यामुळे काच कधी धड स्वच्छ नसायची. "आमच्या बिल्डिंगच्या जिन्यासारखं," रुपाली म्हणाली. लोक हसले, देवरामांना धीर आला आणि त्या भरात त्यांनी खालची ओळही वाचून टाकली. "अल्बर्टने मित्राला पत्रात लिहिलं, मी इथे फक्त नवरा आहे, घरातला कर्ता नाही."

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हॉलच्याही लक्षात आलं. सोनवणे तर टेबलावर डोकं ठेवून हसले, शालनताईंनी पदर तोंडात कोंबला, आणि मागे दाराशी उभी असलेली मेघना छताकडे बघायला लागली.

हसणं ओसरल्यावर आवडाबाईंनी बोट वर केलं. "एक शेवटचं सांग. ह्यो यायच्या आदी रानीचं काम कोन बगायचं?"

देवरामांनी वहीत शोधलं. "तीच."

"किती दिस?"

"दोन वर्षं आठ महिने."

"मंग तिला येतच व्हतं की," आवडाबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

देवराम घरी येऊन गॅलरीत बसले. प्रचारातले दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर येत होते. दार उघडणारा प्रत्येक जण म्हणायचा, "शालनताई, या ना आत." दाढीमिशा आलेले बाप्ये वाकून तिच्या पाया पडायचे, कारण तिने त्यांना खिचडी भरवलेली. आणि ते स्वतः मागे पत्रकं घेऊन उभे. पत्रकं बघून दारं उघडतात, असं त्यांना वाटायचं. किती मूर्ख असावं माणसाने!

सोमवारी सकाळी ते बायकोला म्हणाले, "मी वर प्रेक्षकांत बसतो. चालेल?"

"बसा. पण हातवारे करू नका."

त्यांनी भाषणाची चार पानं पुढे केली. तिने ती घेतली, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

सभागृहात नाव पुकारलं. शालनताई उठल्या, पण पर्स उघडलीच नाही. "पर्स, पर्स," ते वरून हाताने दाखवत राहिले. शेजारच्या माणसाने बूड उचलून चार बोटं लांब सरकवलं.

"सदतीस मुलं रोज तो नाला ओलांडतात," शालनताई म्हणाल्या. "मी उभं राहून मोजली आहेत. वीस जणांचा पाय नाल्यात टाकलेल्या फळीवर पुरता पोचतो. सतरा जण उडी मारतात. त्यातला सगळ्यात लहान चार वर्षांचा आहे. तो उडी मारण्याआधी डोळे मिटतो." एवढं सांगून त्यांनी महापौरांकडे बघितलं. "मला पायी जाण्यापुरता पूल पाहिजे." आणि खाली बसल्या.

प्रस्ताव कामांच्या यादीत घ्या, असं महापौरांनी सांगितलं. वीस वर्षांच्या त्या चार पानांतला एक शब्दही तिने वापरला नव्हता. देवरामांना त्याचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरी ते उठून टाळ्या वाजवत होते. शिपायाने डोळे वटारले तेव्हा खाली बसले.

शेजारचा माणूस पुन्हा जवळ सरकला. "कोण हो या बाई?"

"आमच्या नगरसेविका," देवराम म्हणाले.

"तुम्ही ओळखता वाटतं?"

देवरामांनी खाली बघितलं. शालनताई शेजारच्या सदस्याला काहीतरी समजावून सांगत होत्या आणि तो लिहून घेत होता.

"मी त्यांच्या वॉर्डात राहतो," ते म्हणाले.