शिवशरणची पाळी

शुक्रवार पेठेतल्या त्या छोट्या कंपनीत दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. शिवशरण तिथला सगळ्यांत जुना प्रोग्रॅमर. बोलताना तो अडखळायचा, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. काम लेखी यायचं आणि महिनोन्‌महिने तो मान खाली घालून ते करायचा.

मग अंकिता टीमची प्रमुख झाली आणि कामाची पद्धतच बदलली. कामाचे लहान तुकडे पाडायचे, दर पंधरवड्याला गिऱ्हाइकाला दाखवायचे. शिवाय रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय.

पहिल्याच सकाळी शिवशरण बोलायला लागला. "फॅ... फॅ..." ओठ नुसते थरथरले. शेजारच्या मंजुनाथला ते बघवेना.

"फॅटचा हिशेब झाला, असंच ना अण्णा?"

दुधातल्या फॅटचा, म्हणजे स्निग्धांशाचा, हिशेब चुकत होता, हे त्याला सांगायचं होतं. पण सुटका झाली म्हणून शिवशरणनं मान डोलावली. मग ते रोजचंच झालं.

पंधरवड्यानं करकंबच्या केंद्रचालक सोनालीताई काम बघायला आल्या. पडद्यावर म्हशीच्या दुधाला गाईपेक्षा कमी फॅट लागलं.

"आमच्या म्हशी एवढ्या वाईट न्हाईत की वो!" त्या हसत म्हणाल्या.

शिवशरणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गेल्यावर अंकिता त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचं सगळं ऐकून म्हणाली, "दादा, तुम्ही लिहून देत जा. मी वाचून दाखवेन."

पंधरा दिवसांपूर्वी त्याला हेच तर हवं होतं, पण आता त्यानं मान हलवली.

"न्हाय. बो... बोलतो मी. फक्त मधी कु... कुणी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी अंकितानं गोलात खुर्च्या मांडल्या. "उभं राहिलं की घाई होते," एवढंच म्हणाली.

शिवशरणची पाळी आली. तो अडखळला, थांबला, परत सुरू झाला. मंजुनाथ ओठ घट्ट मिटून बसला होता. कुणी घड्याळाकडं पाहिलं नाही.

"फॅटचा हिशेब अ... अडकलाय. मला ए... एकट्याला जमंना."

"मी बसतो की तुमच्यासंगं," मंजुनाथ म्हणाला. मग हळूच, "मला वाटायचं अण्णा, मी मदतच करतोय."

दुपारभर दोघं त्या हिशेबावरून भांडले. शिवशरण अडखळत भांडला, पण हटला नाही. संध्याकाळी चूक सापडली तेव्हा त्याचा घसा बसला होता.