शेजारच्याचा पेला

“वो औरत कहाँ बैठती थी?” छायानं स्टुलावर न बसताच विचारलं.

काउंटरपलीकडचा नेपाळी आचारी, छिरिंग, गोंधळला. “कौन औरत, मॅडम? राजन साब तो अकेले आते थे. वो कोनेवाला स्टूल.”

“मम्मा, प्लीज. कॅन वी गो नाउ?” अवनी दारातूनच म्हणाली.

खाली गाडीत बावीस वर्षांचा संसार चार बॅगांत कोंबला होता. रात्रीचं पुण्याचं विमान, कायमचं. नवरा, राजन, वारला, तसा त्याच्या नोकरीवरचा व्हिसाही खलास. जायच्या आधी छायाला एकच गोष्ट हवी होती. दर शुक्रवारी ऑफिस दुपारी सुटलं की ‘मीटिंग आहे’ म्हणून हा माणूस अल ऐनहून दुबईला मरायला जायचा कुठं? परवा त्याच्या मोबाइलवर छिरिंगचा फोन आला, ‘साब की जगह रखूँ क्या?’ तेव्हा पत्ता लागला.

आणि पत्ता लागून मिळालं काय, तर दुबईच्या करामा वस्तीतल्या जुन्या हॉटेलाच्या पोटातली ही बोळकांडी. इझाकाया म्हणे, जपानी गुत्ता. लाकडी काउंटर, पाच-सात स्टुलं, एक कागदी कंदील आणि भाजल्या माशाचा धूर. एवढ्यासाठी दीड तास गाडी हाकायची?

बाई असती तर बरं झालं असतं. बाईला शिव्या घालता येतात. धुराला काय घालणार?

“बहुत पीते थे?”

“एक बिअर, बस. लेकिन सबको पिलाते थे.” छिरिंग हसला. “जपानी लोग अपना गिलास खुद नहीं भरते, मॅडम. बगलवाले का भरो, वो तुम्हारा भरेगा. साब को ये बहुत पसंद था. कोई नया आए, तो सबसे पहले साब उठते. मेरा भी भरते थे. बोलते, यल्ला, चल छिरिंग, तू भी बैठ.”

छाया त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

बावीस वर्षं. जग टेबलावर, पेला टेबलावर, हात धडधाकट, तरी ‘छाया, पाणी!’ मग ती पोळ्या लाटत असो नाहीतर तापानं फणफणत असो. अवनीच्या वेळचे टाके ओले होते तेव्हाही तीच उठली होती. एकदा, फक्त एकदा तिचा पेला भरला असता तर काय हात झडला असता? आणि तोच हात इथं कुणाकुणासाठी उठत होता. म्हणजे उठता येत होतं मेल्याला!

“अवनी, तुझ्या बापाला पाणी ओतता येत होतं.”

“व्हॉट?”

“बस इथं.”

“मम्मा, अवर फ्लाइट...”

“बस म्हटलं ना!”

छिरिंगनं जवाच्या गार चहाचा जग आणि दोन पेले समोर ठेवले. छायाचा हात सवयीनं जगाकडे गेला, लेकीचा पेला भरायला. अर्ध्यात थबकला. तिनं तो मागे घेतला, मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि आपल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली.

अवनीनं घड्याळ पाहिलं. आईकडे पाहिलं. छिरिंगही जागचा हलला नाही. शेवटी तिनं फोन पालथा ठेवला, दोन्ही हातांनी जग उचलला आणि आईच्या पेल्यात ओतायला लागली. पेला भरून वाहिला. चहा काउंटरवर पसरला, ओघळत छायाच्या कुर्त्यावर आला.

“ओ नो, सॉरी मम्मा...”

छायानं पेला उचलून तोंडाला लावला. सांडलेलं पुसायला ती उठली नाही.