होडीच्या मापाची गाडी

ताटात मासा आला की माझे सासरे आधी विचारायचे, "कुठला?" बाजारातला असेल तर ताटाच्या कडेला सारायचे आणि वरणभात जेवायचे. यावरून माझ्या सासूबाईंची आणि त्यांची रोज वादावादी व्हायची. गेल्या वर्षी कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं. पुढ्यात येईल ते खायचे आणि उठायचे. वाद संपले, आणि आईंची झोप उडाली.

"माधवी, ते भांडत नाय गो आता," त्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या.

ठाण्याच्या कोळीवाड्यात आमचं घर आहे. खाडी चार पावलांवर, पण बंदरात गाळ साचत गेला, खारफुटी पुढे सरकली, आणि भरतीलाही होडी बाहेर निघेना. बाबांची लाकडी होडी घराशेजारी ताडपत्रीखाली येऊन पडली. बाबा म्हणजे माझे सासरे, दामाजी. होडी त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली. डोंबिवलीजवळ कोपरला प्रणितचे, माझ्या नवऱ्याचे, महिपतमामा राहतात. तिथे होडी पाण्यात उतरवता येते. पण ती तिथेच ठेवायची तर राखणार कोण? महिपतमामांच्या होडीचं इंजीन आणि दोर एका रात्रीत गेले होते. दर वेळी टेम्पोने न्यावी म्हटलं, तर टेम्पोवाला एकदा आला आणि होडी बघून परत फिरला.

आमची जुनी गाडी बदलायची वेळ आलीच होती. प्रणित म्हणाला, "अशी घेऊ की पाच जण बसतील आणि रविवारी मागे ट्रॉलीवर होडी लावता येईल." बाबा संध्याकाळी ताडपत्री काढून होडी झाडताना दिसले. तेव्हाच मी ठरवलं, यांना पाण्यावर नेल्याशिवाय हा विषय सोडायचा नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गाडी निवडण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत ती किती वजन ओढू शकते ते मी शोधत होते. शोरूममधल्या मुलांना ते ठाऊक नसायचं. ते छताची काच उघडून दाखवायचे.

"मॅडम, सनरूफ बघा ना."

"ओढते किती?"

"मॅडम, गाणी व्हॉइस कमांडवर लागतात."

प्रणित हसू दाबत बाहेर जायचा.

ओढायचं वजन माहीत हवं, म्हणून मी बाबांना विचारलं होतं, होडी किती जड आहे. ते म्हणाले, "आठ मानसांची." कोळीवाड्यात होडीचं माप असंच सांगतात. मी कल्याणची, मला हे नवीन होतं, पण समजायला सोपं वाटलं. एक माणूस साधारण चाळीस किलो उचलतो असं धरलं, आठाने गुणलं, ट्रॉलीचं वजन मिळवलं. एक बुटकी, तीन रांगांची गाडी तेवढं नेमकं ओढू शकत होती. तिची सीट आईंच्या गुडघ्यांच्या उंचीची होती. त्या आधी टेकल्या, मग पाय आत घेतले, आणि माझ्या मुलीला, ऐश्वर्याला म्हणाल्या, "ही माजी जागा. तू मागं."

बुकिंग करायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांजवळ बसले होते. सहज विचारलं, "आठ जण होडी उचलतात तेव्हा धरतात कुठे?"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग वर्षभरात पहिल्यांदा खदखदून हसले. "उचलाची? कोन उचलील गो तिला? चिखलावरशी खेचाची!"

प्रणितही हसायला लागला. "अगं, हे तू मला विचारायचंस ना!"

"तू तरी सांगायचंस."

"मला वाटलं, तुला माहितीये."

चिखलावर होडी घसरते. ओढायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट तिचं वजन असतं. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. टेप घेऊन मी बाहेर गेले. फळ्यांची जाडी मोजली, लांबी मोजली, लाकूड पाणी पितं तेही धरलं. वजन माझ्या आकड्याच्या दुपटीहून जास्त आलं. बुटकी गाडी बाद झाली.

राहिली ती उंच, डिझेलची गाडी. घोडबंदर रोडच्या शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. ती होडी आरामात ओढणार होती. प्रणितला ती आधीपासून आवडत होती. बाबांनी मागे जाऊन हूक कुठे लागेल ते पाहिलं आणि मान हलवली.

मग आईंनी दार उघडलं. पायरीवर उजवा पाय ठेवला, वरची मूठ धरली, आणि तिथेच थांबल्या. प्रणितने कोपर धरलं. विक्रेत्याने जोडायची आणखी एक खालची पायरी आणून दाखवली. तिच्यावरही त्या चढल्या, पण पुढे गुडघा वाकेना. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चांगली हाय. हीच घ्या. मी नाय आले तरी चालंल. माजा काय काम तिथं?"

काम होतं. होडी परत आली की माशांची पहिली पाटी आईंनीच उतरवून घ्यायची, ही या घराची रीत होती. लग्न झाल्यापासून ती कधी चुकली नव्हती. ऐश्वर्या म्हणाली, "आजी, मी उचलेन पाटी." त्यावर आई तिच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाल्या, "उचल हां, बाय." बाबा गाडीच्या मागे उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

 घरी परतताना जुन्या गाडीत मी मनातल्या मनात पुन्हा गाड्या मांडत होते. कुठलीतरी मधली, थोडी बुटकी, थोडी ताकदीची. तशी नव्हती.

चहा पिताना बाबा म्हणाले, "ती बसकी गारीच घेवा."

"बाबा, ती होडी ओढणार नाही," मी म्हटलं.

"मंग होरी बारीक करू. फायबरची, दोन मानसांची." कपातला चहा संपवून ते पुढे म्हणाले, "ही राजरत्नला देतो. त्यांच्या बंदराला पानी हाय. चालती तरी राहील."

राजरत्न त्यांचा पुतण्या. आई ताडकन उठल्या. "डोका फिरलाय तुमचा! बापाची होरी देता?"

"बाप माजा होता ना? मंग मी देतो."

"माज्यासाठी नको हां. माज्या माथी मारू नका."

"तुज्यासाठी कोन करतंय? पाटी पोरगी उचलंल तर मासं रस्त्यावर पडतील."

आई रागाने आत गेल्या. आतून भांडी जोरात वाजली. ते दोघं पुन्हा भांडत होते. प्रणितने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी इतके दिवस गाडीच बदलून बघत होते. होडी बदलता येते हे माझ्या मनात आलं नव्हतं. बाबांच्या मनात ते केव्हा आलं आणि त्यांना किती जड गेलं, हे मी विचारलं नाही. राजरत्न मोठा ट्रक घेऊन होडी न्यायला आला त्या दिवशी बाबा तिच्या पुढच्या टोकाशी बराच वेळ हात ठेवून उभे होते. मग स्वतःच दोर सोडला.

ट्रॉलीची नोंदणी, मागचे दिवे यांत पाऊस सरला. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, तरी आईंनी नव्या होडीला नारळ फोडला आणि त्याच हाताने नव्या बुटक्या गाडीलाही कुंकू लावलं.

पहिल्या रविवारी आम्ही कोपरला गेलो. प्रणितने ट्रॉली मागे घेत उतारावर आणली; दोनदा वाकडी गेली, तिसऱ्यांदा सरळ. महिपतमामा किनाऱ्यावरून ओरडून सूचना देत होते, त्या एकमेकींच्या उलट होत्या. निळी होडी पाण्यात सरकली. बाबा आत चढले आणि वल्हं हातात घेतलं, तशी ती एका बाजूला डुलली. त्यांनी जागा बदलली. होडीचं नाक वर आलं.

"हलकी हाय," ते म्हणाले. "बूड धरत नाय."

मी म्हटलं, "पुढे वजन हवं. दगड ठेवू का?"

बाबांनी किनाऱ्यावर पाहिलं. आई रिकामी पाटी कमरेला लावून उभ्या होत्या.

"दगर कशाला? ए, पुढं बस."

"मी?" आई दचकल्या. या घरातली बाई मासेमारीला कधी होडीत बसली नव्हती. "लोक काय बोलतील?"

"लोक कंचे? बगलं हायेत नुसते."

"पाटी कोन घेईल मंग?"

"बस गो. भरती थांबाची नाय."

प्रणित गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने होडी घट्ट धरली. महिपतमामांनी बहिणीला हात दिला. आई काठावर टेकल्या, पाय आत घेतले, लुगडं सावरलं आणि पुढच्या फळीवर ताठ बसल्या. होडीचं नाक खाली आलं. ती पाण्यावर सपाट, स्थिर झाली.

"अशी वळवू नका, त्या बाजूला गाळ हाय," आई लगेच म्हणाल्या.

"मना शिकवू नको."

बाबांनी वल्हं मारलं. त्यांचे आवाज बराच वेळ पाण्यावरून येत राहिले. काय बोलत होते ते कळत नव्हतं, पण दोघंही एकाच वेळी बोलत होते.