माळेवर मोजलेली माणसं

कोरोनाच्या काळात चांदणबागेत माणूस म्हणून आम्ही दोघंच होतो. मी दरवाज्यावर आणि जमुना घोड्यांच्या गोल फिरत्या पाळण्यापाशी. उमरोळी फाट्याच्या पुढची ही बाग. उंच चक्र, पाण्याची घसरगुंडी, छोटी आगगाडी आणि हा पाळणा. रांगेच्या लोखंडी कठड्यांमध्ये तेव्हा कमरेएवढं गवत वाढलं होतं.

दर गुरुवारी आम्ही पाळणा हाताने ढकलत असू. तसाच उभा ठेवला असता तर खाऱ्या वाऱ्याने जागीच गंजून अडकला असता. बारा घोडे, एक हत्ती. मला ते रिकामे दिसत नसत. कीर्तनात बुवांनी ध्रुपद धरलं की मागचे टाळकरी डोळे मिटून डोलतात, तसे ते डोलत आणि कुठूनतरी पोरांचा कलकलाट येई.

"ऐकलंस?" मी विचारी.

"वारा हाय तो, काका," जमुना म्हणे. पण ढकलणं थांबवत नसे.

बाग पुन्हा उघडली त्या पहिल्या रविवारी चाळीस माणसं आली. तोंडाला मास्क, एकमेकांपासून लांब लांब, हळू बोलणारी. आत येणारी डोकी मोजणारं फिरतं दार गंजून बसलं होतं. तिकिटांवरून आकडा कळत नाही, कारण आमच्याकडे घरटी एकच तिकीट. मग घरात तीन असोत की तेरा. मालक धीरजशेठ म्हणाले, "झुंबरकाका, तुम्हीच मोजा."

माझ्या खिशात जपाची तुळशीची माळ असते. तिच्यावर माणसं मोजलेली चालतील का, असं मी महादूबुवांना विचारलं. बोईसरच्या आमच्या वसाहतीत एकादशीचं कीर्तन त्यांचंच. ते हसले. म्हणाले, "आत जाणाऱ्या प्रत्येकामागे नाम घ्या. मोजणंही होईल, जपही होईल." तेव्हापासून एक माणूस, एक मणी, एक नाम. माळ पुरी झाली की तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर एक झेंडू ठेवायचा. एक झेंडू म्हणजे शंभर.

उन्हाळ्यात दोन झेंडू व्हायचे. गणपतीनंतर पाच. नवरात्रात सात. कारखान्यांतली बिऱ्हाडं यायला लागली, दांडी गावच्या कोळणी अबोली माळून घसरगुंडीवरून हसत खाली यायला लागल्या. मला वाटे, ढकलून ढकलून आम्हीच हे जग पुन्हा फिरतं केलं.

पण शेठ थकले होते. बंदीच्या काळात त्यांनी आम्हाला तांदूळ-डाळ पोचवली होती, त्यांना बोल लावणार नाही मी. दसऱ्याला म्हणाले, "पूर्वी रविवारी हजार माणूस यायचं. दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी हजार भरले तर सगळं आहे तसं ठेवतो. नाही भरले तर पाळणा विकतो. विरारचा एकजण मागतोय."

जमुना डोंगराकडची. भात कापून झालं की त्यांच्याकडची घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात. पाळण्याचं काम मिळाल्यापासून तिचा नवरा जिव्या एकटा जाई. ती लेकीला, सपनाला, घेऊन मागे राही, म्हणून सपनाची शाळा टिकली. यंदा मुकादमाचा टेम्पो त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी यायचा होता. पाळणा गेला तर मायलेकींनाही त्यात बसावं लागणार होतं.

"मी पन सा म्हैने भट्टीवर, सा म्हैने शालत असायची," ती एकदा म्हणाली होती. "पाढे चारच्या फुडं नाय येत, काका."

तो रविवार उजाडला. त्या दिवशी आमच्या घरची, साखरबाई, पण आली. दुसऱ्या लाटेत तिचा भाऊ गेला, तेव्हापासून ती कुठे बाहेर पडली नव्हती. बागेत आली ती सरळ हत्तीशेजारच्या घोड्यावर बसली. पूर्वी तो हत्ती तिच्या भावाचा. पन्नाशीतला माणूस, पण हत्तीशिवाय बसत नसे.

दिवसभर माझा अंगठा माळेवर चालत राहिला. माणसं येत गेली, नाम होत गेलं. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत निघायचं. पुढेपुढे कोण आलं ते दिसेना, नुसता पायांचा नाद.

सहाला दार लावलं. कट्ट्यावर नऊ झेंडू, दहाव्या माळेचे एकतीस मणी. नऊशे एकतीस.

पाळणा बंद करून जमुना आली. तिने माझा चेहरा पाहिला.

"हजार लिहितो," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"तुमच्या हातात जपाची माल हाय, काका."

"मग?"

"मग नको."

मी पेन्सिल उचलली आणि नऊशे एकतीस लिहिले. साखरबाई बाकावरून उठून आली, वहीत डोकावली.

"कसे मोजले?"

"नऊ माळा आणि वर एकतीस."

"अहो, माळेत मणी किती?"

"एकशे आठ."

"मग नऊ माळांचे नऊशे कसे?"

"माळेचे शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या जपाचे. चाळीस वर्षं तसंच धरतोय."

"जपात मन भरकटतं, म्हणून आठ सोडायचे," ती म्हणाली. "इथं काय माणसं भरकटली? ती आठ तर आत जाऊन भजी खात बसली असतील."

मी झेंडूंकडे बघत राहिलो. नऊ आठे बहात्तर.

"म्हंजे किती?" जमुनाने विचारलं.

"एक हजार तीन," साखरबाई म्हणाली. "तुझ्या काकांनी तीन जास्तच घेतले आत."

जमुना खाली बसली. पदर तोंडाला लावला.

शेठनी सगळं ऐकून घेतलं, माळ हातात घेतली, दोनदा मोजली. मग म्हणाले, "म्हणजे नवरात्रातही जास्तच होते."

"छप्पन्न जास्त, शेठ."

"आणि मी इकडे झुरत होतो. काका, हजार सांगितले असतेत तर मी मानलं नसतं. ही असली चूक कोण बनवून सांगणार?" विरारच्या माणसाला त्यांनी माझ्यासमोरच नाही म्हणून फोन केला.

सोमवारी फाट्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. जिव्या एकटा चढला. सपना शाळेच्या पिशवीसकट हात हलवत होती. जमुना तिथून थेट पाळण्यापाशी आली आणि पाळण्याची मोटार चालू करण्याआधी तिने एक फेरा हाताने ढकलला.

मी आता शंभराव्या माणसाला झेंडू ठेवतो. राहिलेल्या आठ मण्यांवर माणूस मोजत नाही. तेवढा वेळ हात आडवा धरतो, रांग थांबते, मी डोळे मिटतो. पूर्वी यायचे आणि आता येणार नाहीत, ते तेवढ्यात आत जातात. काल डोळे उघडले तेव्हा पाळणा फिरत होता, घोडे भरलेले होते, आणि हत्ती तेवढा कुणी न बसता डोलत होता.