चार गाठी

ते दिवस आठवले की लिएन-चूला आधी तो वास आठवतो. सडक्या अंड्यांचा. तैपेईच्या प्रयोगशाळेत तेविसाव्या वर्षी ती मदतनीस म्हणून लागली, आणि नागाच्या विषातल्या गाठी सोडवायचं ते घाणेरडं औषध तिच्याच वाट्याला आलं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामीच राहायची.

नाग पकडून आणायचे किम-हाय काका. दर मंगळवारी सायकलला कापडी पिशव्या बांधून यायचे. उजव्या हाताचं एक बोट नागानेच नेलेलं.

"आली सडकी अंडी! तुझ्याशी लग्न कोण करणार गं?"

"तुमच्या नागांना विचारून बघा, काका."

कितीतरी नागांचं विष गाळून प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या को सरांनी त्यातलं एकच विष शुद्ध करून वेगळं काढलं होतं. मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे घेतो, नेमक्या त्या जागी ते जाऊन बसे आणि श्वास थांबे. त्याचा रेणू म्हणजे बासष्ट मण्यांची माळ, चार गाठींनी स्वतःभोवती घट्ट बांधलेली. मारण्याची ताकद मण्यांत आहे की बांधणीत, हे सरांना जाणून घ्यायचं होतं.

लिएन-चूने गाठी सोडवल्या आणि ते उंदराला टोचलं. उंदीर मिशा साफ करत बसला. दुपारी दाणेही खाल्ले त्याने. सहा महिन्यांचं विष वाया घालवलं असं समजून ती सरांकडे गेली.

"सर, माझ्या हातून बिघडलं."

"मणी सगळे आहेत ना?"

"आहेत. दोनदा तपासले."

"मग बिघडलं काय? औषध काढून टाक, हवा लागू दे आणि एक दिवस थांब."

दिवसभरात माळेने आपल्या आपण गाठी मारून घेतल्या. त्या विषाने दुसरा उंदीर दहा मिनिटांत गेला. सरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. लिएन-चूही हसली, आणि मग नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

मंगळवारी तिने हे काकांना सांगितलं. त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"म्हणजे तुझं औषध टोचलं, तर चावलेलं माणूस वाचेल?"

आवाजात थट्टा नव्हती.

"माझी धाकटी बहीण उसाच्या फडात नाग चावून गेली. पापण्या मिटत चालल्या होत्या, पण शुद्धीवर होती गं. सगळं ऐकत होती."

हो म्हणावं असं लिएन-चूला फार वाटलं. "नाही, काका," ती म्हणाली. "आपल्या अंगातही अशाच गाठी असतात. ते औषध त्याही सोडवील."

"म्हणजे नाग आणि आपण एकाच शिंप्याकडचे," काका म्हणाले. मग म्हणाले, "तो वाचलेला उंदीर दाखव."

खिशातला शेंगदाणा त्यांनी त्याला भरवला आणि उंदीर मागूनच घेतला.

"नागाला घालणार?" तिने विचारलं.

"छे! जवळ ठेवणार."

पुढे वर्षभर दर मंगळवारी नागांच्या आधी त्या उंदराची खुशाली कळायची. लिएन-चू आता ऐंशीच्या पुढे आहे. सरांच्या शोधनिबंधातले आकडे तिला आठवत नाहीत. रिकाम्या पिशव्यांवर उंदराचं खोकं बांधून, खड्डे चुकवत, सावकाश सायकल हाणत निघालेले काका मात्र अजून दिसतात.